उचंत खात्यातले सहा हजार दोनशे

३ मार्च २०२५, सोमवार

वस्तीची कागदपत्रं बघणारा गोरक्ष येऊन गेला. पाडव्याला सभा. भांडी फंडाचा हिशोब देवळापुढं वाचायचा म्हणाला. 'ताळेबंद' पाहिजे — हा शब्द त्यानं दोनदा वापरला. फंडाची नोंदणी झाली तर वस्तीला सभागृह मिळेल. कागद नसतील तर नाही.

वस्तीच्या लग्नाची भांडी माझ्या घरी असतात. मोठी पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. भाडं पेटीत टाकायचं, डागडुजी पेटीतून करायची. खजिनदार मी. एकवीस वर्षं झाली. शिक्षण चौथी.

वह्या पाच आहेत. प्रत्येक पानावर दोन रकाने — आले, गेले. बेरीज कधी केली नाही. पेटी उघडली की कळायचं, आहे का नाही ते.

आता बेरीज करावी लागणार. दुपारपासून छातीत धडधड. गोळी घेतली होती का ते आठवेना, म्हणून परत घेतली नाही.

४ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुसरीकडं कुठं लिहिता येत नाही.

२०१९ च्या आषाढात बायको, गजरा, मेंढरांच्या वाड्यात चिखलात पडली. खुबा मोडला. पोरानं, अमृतनं, जमवले ते दिले, मी कोकरं विकली ते दिले. तरी दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी काउंटरवरची पोरगी मोठ्यानं म्हणाली, "अजून बासष्टशे." गजरा चाकाच्या खुर्चीत शेजारीच होती. मी पेटीतली गड्डी बरोबर नेली होती. काळ्या लोकरीच्या सुतानं बांधलेली. सोडली आणि मोजून दिले.

वहीत लिहिलं नाही.

नंतर मंचरला सावळेराम शेठच्या कांद्याच्या वखारीवर राखणीला गेलो. तीन हंगाम. दोन हजार, दोन हजार, बावीसशे असे पेटीत परत टाकले. तेही लिहिलं नाही. काढल्याचं लिहिलं नव्हतं, टाकल्याचं कसं लिहिणार?

गजराला यातलं काही माहीत नाही. कुणालाच नाही.

पेटीतले जसेच्या तसे आहेत. पण बेरीज निघाली की लोक विचारतात. एकवीस वर्षांत मला कुणी चोर म्हटलेलं नाही.

७ मार्च

निर्मलाला विचारलं. सून आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत लिहायला आहे, तिला हे येतं. पाचही वह्या तिच्यापुढं ठेवल्या. एक उघडली, दुसरी उघडली. म्हणाली, "मामा, ही अर्धीच वही हाय."

पाच वह्या आहेत म्हटलं.

"पाच न्हवं, पन्नास असू द्या. अर्ध्याच हायेत."

मग जेवायला वाढायला गेली. मला चार घासांच्या वर जेवण गेलं नाही.

गजरानं अंडं केलं होतं. मधे तीन-चार वर्षं घरात अंडं दिसत नव्हतं. अकरा कोंबड्या, आणि विचारलं की म्हणायची, घालत न्हाईत. गेल्या दिवाळीपासून बऱ्या घालतात.

८ मार्च, शनिवार

निर्मलाला सुट्टी. कॅलेंडरच्या मागं लिहून शिकवलं.

प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहायची. एकदा नावे, एकदा जमा. मी म्हणालो, पातेलं घेतलं, पैसे गेले, संपलं. एकदाच घडलं ते दोनदा कशाला लिहू?

"पैसे गेले कुठं मामा?"

दुकानदाराकडं.

"दुकानदाराचं त्यो बघंल. फंडाचं काय झालं? फंडाचे पैसे पातेल्यात गेले. रोकड कमी, भांडी जास्त. तुमी निम्मंच लिहिलं."

एकवीस वर्षांत पातेल्यात पैसे आहेत असं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी भांड्यांच्या खोलीत जाऊन पाहून आलो. सगळं जागेवर.

९ मार्च

आज समीकरण. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल.

तिनं असं सांगितलं. फंडाकडं जे जे आहे ते एका बाजूला. ते कुणाचं आहे ते दुसऱ्या बाजूला. एक तर परक्याचं — म्हणजे देणं. नाहीतर वस्तीचं स्वतःचं — म्हणजे भांडवल. दोन्ही बाजू सारख्या यायलाच पाहिजेत.

न आल्या तर?

"तर काहीतरी लिहायचं राह्यलं."

मी विचारलं, कुणाचंच नाही असं काही असेल तर? म्हणाली, असं काही नसतं मामा. हाय म्हंजे कुणाचं तरी हाय.

कल्हईवाल्याचे १,५०० द्यायचे राहिलेत. ते देणं. आता तेही सभेत वाचणार.

११ मार्च

मेंढरांचा घोळ.

२०१८ ला वस्तीतल्या हनुमंताच्या भावानं लग्नात नेलेलं मोठं पातेलं हरवलं. पैसे नव्हते, कोकरू दिलं. आमच्यात तसं चालतं. मी लिहिलंय — 'पातेले १ गेले. कोकरू १ आले.' रक्कम नाही. कोकरू हनुमंताच्या कळपात अर्धलीनं सोडलं. म्हणजे चारायचं त्यानं, आणि पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी फंडाची.

निर्मला म्हणाली, ही मालमत्ता आहे, आजची संख्या आणि भाव आणा.

हनुमंताकडं गेलो. कळप आळ्याच्या शिवारात कांदा काढलेल्या रानात बसलाय. मला लांबून बघूनच त्यानं आवाज दिला. "या खजिनदार! पेटीला उंदरं लागली का काय?" त्याला सभेचं कळलेलं. मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

फंडाची मेंढरं तीन म्हणाला. मी म्हणालो, गेल्या वर्षी पाच होती. दोन बिबट्यानं नेली म्हणाला. त्याची स्वतःची किती नेली विचारलं तर, देवाच्या दयेनं एक बी न्हाई.

घरी सांगितलं तर निर्मला म्हणाली, "बिबट्याला फंडाचीच मेंढी बरी वळखू येती." पण तीनच लिहिली. २७,००० धरले.

१४ मार्च

धुळवड. पोळी खाल्ली. पोट बिघडलं. हिशोबाला हात नाही.

१६ मार्च, रविवार

आज बेरीज झाली.

नोटबंदीनंतर सगळ्यांसमोर पेटी मोजली होती, तिथून धरलं. तेव्हा ११,३४०. तेव्हापासून आले ९४,६००. गेले ७१,१९०. वहीप्रमाणं राहिले पाहिजेत ३४,७५०.

निर्मलानं पेटी मोजली. ४०,९५०.

मी मोजली. ४०,९५०. परत मोजली. दहाच्या आणि वीसच्या नोटा फार, चार घड्या घालून बारीक केलेल्या. एकेक उलगडताना वेळ गेला. चिल्लर एक डबाभर.

जादा ६,२००.

ती रक्कम ऐकली आणि भिंतीला टेकलो. निर्मलाला वाटलं साखर कमी झाली, तिनं गूळ दिला. गजरा उंबऱ्यात लोकर पिंजत होती. म्हणाली, "जादा हाय तर रडता कशापायी? कमी असतं तर रडायचं." मग निर्मलानं तिला मोठ्यानं सांगितलं, बासष्टशे जादा हायेत आत्याबाई. गजरा उठली आणि काठी घेऊन कोंबड्यांकडं गेली.

निर्मलाला मी म्हणालो, बासष्टशे काढून बाजूला ठेवू, वही जुळेल.

"वहीसाठी पेटी बदलायची न्हाई मामा. कमी असतं तर भरता आलं असतं. जादा कुठं टाकणार? लोक म्हणतील भाडी घेतली आन् लिहिली न्हाईत. अजून किती घेतली असतील, त्याचा नेम काय?"

मला हे सुचलंच नव्हतं. जादा पैसा हीसुद्धा चोरीच दिसते!

मग ते कुठं लिहायचं? म्हणाली, उचंत खात्यात. ज्याचा धनी सापडत नाही ते तिथं ठेवायचं, सापडेपर्यंत. रोकड नावे, उचंत जमा.

१७ मार्च

बासष्टशे काढले. बासष्टशे टाकले. मग जादा बासष्टशे कसे?

एकच उत्तर. मी दोनदा टाकले. टाकून विसरलो आणि परत टाकले.

१८ मार्च

थोरल्या चुलत्याचं असंच झालं होतं. जेवून उठायचा आणि म्हणायचा वाढा. शेवटी घरचा रस्ता चुकायला लागला.

स्वतःची परीक्षा घेतली. आळेफाट्यापासून मढपर्यंतची गावं ओळीनं म्हटली. एक चुकलं. का ते पूर्वीही येत नव्हतं?

१९ मार्च

रात्रीची गोळी घेतली की वहीत टिंब करायचं ठरवलं. टिंब केलं. गोळी घेतली का ते आठवेना.

२१ मार्च, शुक्रवार

अमृत टेम्पो घेऊन मंचरला निघाला, त्याच्याबरोबर गेलो. डोळ्याचा नंबर तपासतो म्हणून सांगितलं. महामार्गावर दीड तास गाडी एका जागी.

सावळेराम शेठच्या वखारीत गेलो. मुनीम तोच आहे. त्याला विचारलं, माझी तीन हंगामांची राखणीची मजुरी किती झाली होती? तो हसला, "कमी दिली का काय म्हातारबा?" मी म्हणालो, नाही, मला फक्त आकडा पाहिजे. जुनी खतावणी काढली. माझ्या नावाचं पान होतं! एवढ्या मोठ्या वहीत. राघू, राखणदार. एकूण ७,१००.

कट्ट्यावर बसून हिशोब केला. ७,१०० मिळाले. ६,२०० पेटीत टाकले. नऊशेत चष्मा आणि एसटी. दोनदा टाकायला १२,४०० लागतात. माझ्याकडं ते कधी नव्हतेच.

म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मला जे आठवत नव्हतं ते त्यांच्या वहीत दुसऱ्या बाजूला लिहिलेलं होतं. निर्मला म्हणते ते हेच असावं.

येताना भजी खाल्ली. पोटाची भीती वाटली नाही.

२२ मार्च

डोकं ठिकाणावर आहे. मग पैसे कुणाचे?

लग्नांची यादी काढली. ज्यांनी भांडी नेली त्यांना आठवून आठवून विचारलं, भाडं दिलं होतं का? सगळे म्हणाले दिलं होतं. दोघं रागावले. एकजण म्हणाला, "आता दुसऱ्यांदा मागाया लागला का राव?" आता वस्तीभर झालं.

२४ मार्च

हनुमंत पाणवठ्यावर चारचौघांत म्हणाला, राघूभाऊचा हिशोब लई वाढलाय, पेटी व्याली. सगळे हसले.

आज जेवलो नाही. गजरानं ताट झाकून ठेवलं.

२६ मार्च

निर्मलाला सांगितलं. सुनेला हे सांगणं — तिच्याकडं न बघता सांगितलं. दवाखाना, गड्डी, वखार, सगळं.

ती काही वेळ पेन्सिल टोकत बसली. मग म्हणाली, मग दोन नोंदी राहिल्या. घेतल्याची एक, दिल्याची एक. तुमच्या नावाचं खातं उघडायचं. घेतले तेव्हा राघू नावे, रोकड जमा. दिले तेव्हा रोकड नावे, राघू जमा. खातं शून्य होतं.

शून्य होतं तर लिहायचं कशाला?

"शून्य होतं म्हंजे झालंच न्हाई असं न्हाई मामा." थांबून म्हणाली, "पण लिहिलं तर वाचावं लागंल. तुमी ठरवा."

आणि मी सांगूनही जादाचे बासष्टशे जादाच राहतात. उचंत तसंच.

२८ मार्च

न लिहिलं तर फक्त उचंत वाचलं जाईल. लोक चार दिवस हसतील. लिहिलं तर किल्ली जाईल. एकवीस वर्षं किल्ली देव्हाऱ्याच्या खुंटीला आहे. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी कुणी हात लावत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं — आणि हात लावला तो मीच.

२९ मार्च, शनिवार

माझ्या नावाचं खातं पेन्सिलनं लिहिलं होतं. शाईनं गिरवलं.

३० मार्च, पाडवा

सभा झाली. लिहून ठेवतो, जसं घडलं तसं.

गुढ्या उभारून दहाला सगळे देवळापुढं. पुरुष पारावर, बाया भिंतीच्या सावलीला. गजरा काठी टेकून अगदी मागं बसली होती. निर्मलानं वाचलं. मालमत्ता — भांडी १,१८,०००, मेंढरं २७,०००, रोकड ४०,९५०. एकूण १,८५,९५०. मेंढरं तीन म्हटल्यावर कुणीतरी हनुमंताकडं बघून बिबट्यासारखं गुरगुरलं. हनुमंतानं मुंडासं नीट केलं.

मग दुसरी बाजू. कल्हईवाल्याचं देणं १,५००. उचंत ६,२००. भांडवल १,७८,२५०. एकूण तेवढंच, १,८५,९५०.

हनुमंत उठला. "हे उचंत पावणं कोण? कुणाच्या घरचं?"

हशा झाला. निर्मला समजावून सांगायला लागली, तेवढ्यात मी उभा राहिलो. खांब धरला. फंडाच्या खतावणीतलं माझ्या नावाचं पान मीच वाचलं. तारीख, रक्कम, दवाखाना. मग परत दिल्याच्या तीन तारखा. त्या अंदाजानं लिहिल्यात, तेही सांगितलं.

हे वाचणं मला सगळ्यात जड जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

गोरक्षनं विचारलं, तात्या, मागितले असते तर वस्तीनं दिले नसते का? मी म्हणालो, दिले असते. मग का न्हाई मागितले? मी खतावणी मिटली.

हनुमंत परत उठला. मला वाटलं आता हा धरतो. तो म्हणाला, "घेतले बासष्टशे, टाकले बासष्टशे. मंग ह्ये वरचे बासष्टशे कुणाचे?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "माझे न्हाईत एवढं म्हाईत हाय."

ठरलं ते असं. हिशोब मंजूर. उचंत पुढच्या वर्षापर्यंत तसंच. किल्ली गोरक्षकडं. मी कमरेच्या पिशवीतून काढून दिली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. भांडी तुमच्याकडंच राहू द्या म्हणाला. पेटी दुपारी दोघं येऊन घेऊन गेले.

बायांकडं बघितलं तर गजरा नव्हती. सभा संपायच्या आधीच घरी गेली होती.

दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पोळी वाढली, दूध वाढलं, बोलली नाही. साहजिक आहे. वस्तीसमोर नवऱ्यानं असं सांगितलेलं कुणाला आवडेल?

३१ मार्च

सकाळी गजरानं लोकरीच्या ढिगाखालून सुताची एक गुंडाळी काढली आणि माझ्यापुढं टाकली. काळं सूत. तिच्याच हातचं, गड्डी बांधायचो तसलं. त्यात गाठी.

"तुमी फेडलं व्हतं?" ती म्हणाली. "मंग मी काय फेडत व्हते?"

अंड्यांचे पैसे. शंभर जमले की पेटीत, आणि सुताला एक गाठ. दवाखान्यात मी सूत सोडलं तेव्हाच तिनं ओळखलं होतं. गेल्या दिवाळीला पुरे झाले.

गाठी मोजल्या. बासष्ट. परत मोजल्या.

खतावणी अजून घरातच आहे. नोंद मी केली, शाईनं. उचंत नावे ६,२००. गजराबाई जमा ६,२००.

"यात माजं नाव कुटं हाय?" तिनं विचारलं. दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि कोंबड्या सोडायला गेली.